फाटक्या स्पीकरचा सूर

गणपतीच्या मांडवात एखादा कर्णा अचानक खरखरायला लागतो. गाणं ओळखू येत असतं, पण प्रत्येक सुराला जणू करवतीचे दाते फुटलेले असतात. मंडळाचा एखादा कार्यकर्ता वैतागून ओरडतो, "आवाज फाटतोय रे, कमी कर!" ऑपरेटर धावत जाऊन बटण पिळतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

१९६४ साली उत्तर लंडनच्या मझवेल हिलमध्ये राहणाऱ्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसला नेमका हाच आवाज हवा होता. तो विकत कुठे मिळत नव्हता.

डेव्ह आठ भावंडांतला शेंडेफळ. वरती सहा बहिणी आणि एक भाऊ, रे. घर कामगार वस्तीतलं, पुढच्या खोलीत एक पियानो. शनिवारी रात्री सगळं कुटुंब त्या पियानोभोवती गोळा होऊन गायचं. डेव्हकडे 'एल्पिको' नावाचा एक छोटासा हिरवा ॲम्प्लिफायर होता. स्वस्तातला आणि आवाजाला मिळमिळीत. एका दिवशी डोकं फिरलं आणि त्यानं दाढीचं पातं घेऊन त्या ॲम्पचा स्पीकर फाडला.

स्पीकरच्या आत कागदाचा एक शंकू असतो. विजेच्या लहरींबरहुकूम तो पुढेमागे हलतो, हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. शंकू अखंड असेल तर सूर स्वच्छ येतो. त्याला चिरा पडल्या की कापलेल्या कडा फडफडतात, आणि प्रत्येक सुरासोबत त्या फडफडीची एक गुरगुर येते. डेव्हनं या जखमी हिरव्या डबड्याची तार पुढे व्हॉक्स कंपनीच्या मोठ्या ॲम्पला जोडली. छोट्यानं आवाज फाडायचा, मोठ्यानं तो वाढवायचा. घरातल्या खोलीत हा प्रयोग पहिल्यांदा झाला तेव्हा शेजाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना केलेली बरी.

थोरल्या रेनं पियानोवर एक तुकडा बांधला होता, दोनच स्वरगुच्छांमध्ये हिंदकळणारा. पियानोवर तो जॅझच्या अंगानं जायचा. डेव्हनं तो फाटक्या स्पीकरमधून वाजवला आणि त्याचं 'यू रिअली गॉट मी' झालं. 'द किंक्स' या त्यांच्या बँडच्या पहिल्या दोन तबकड्या आपटलेल्या होत्या, त्यामुळे तिसरीवर सगळं अवलंबून होतं. ध्वनिमुद्रण एकदा झालंही, पण ते संथ आणि गुळगुळीत निघालं. पोरं हटून बसली की पुन्हा करायचं. जुलै १९६४ मध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ते पुन्हा झालं, ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातला गिटारचा मधला तुकडा पुढे 'लेड झेपलिन'मुळे गाजलेल्या जिमी पेजनं वाजवला, अशी वावडी लगेच उठली आणि अजून अधूनमधून उठते. तो डेव्हचाच आहे. साठ वर्षं तो हेच सांगतोय.

अर्थात आवाज फाडणारा तो पहिला नव्हे. अमेरिकेत लिंक रे नावाच्या गिटारवादकानं १९५८ मध्येच 'रंबल'साठी आपल्या ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. पण त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत ब्रिटनमध्ये जे घडलं, ते एकट्यादुकट्याच्या विक्षिप्तपणाच्या पलीकडचं होतं. एक अख्खी पिढी मोडक्या, उसन्या आणि घरी ठोकून बनवलेल्या सामानावर वाजवत होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा सूर त्या सामानातूनच घडला.

याला कारण होतं. दुसरं महायुद्ध ब्रिटननं जिंकलं खरं, पण तिजोरी पार रिकामी झाली. अन्नधान्याचं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. डॉलर वाचवायचे म्हणून १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. परवाना राज अनुभवलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सिनेमात आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर अमेरिकन गिटार दिसायची, दुकानात नाही. बंदी उठल्यावर, १९५९ मध्ये, क्लिफ रिचर्डनं आपल्या साथीदारासाठी, हँक मार्विनसाठी, थेट अमेरिकेहून एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली. ब्रिटनमध्ये पोचलेली ती पहिली मानली जाते. (क्लिफचा जन्म १९४० सालचा, आपल्या लखनौचा. तेव्हा त्याचं नाव हॅरी वेब.)

अमेरिकन गिटार नव्हती तेव्हा पोरं काय वाजवत होती? खोकी.

१९५६ मध्ये लॉनी डॉनेगन या ग्लासगोत जन्मलेल्या गायकाचं 'रॉक आयलंड लाइन' तुफान चाललं, आणि त्याबरोबर 'स्किफल' नावाची साथ आली. स्किफलला लागायची एक साधी गिटार, कपडे घासायची पन्हळी फळी आणि चहाचं खोकं. फळीवर ताल धरायचा तो बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालून. आणि चहाचं खोकं म्हणजे आसाम-सिलोनहून जहाजानं चहा भरून येणारी तीच प्लायवूडची पेटी, जी आपल्याकडे घर बदलताना भांडी भरायला वापरायचे. ती पालथी घालायची, एका कडेला झाडूचा दांडा टेकवायचा, दांड्याच्या टोकापासून खोक्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणायची. दांडा मागे ओढला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. झाला डबल बास! सोळा वर्षांच्या जॉन लेननच्या 'क्वारीमेन'मध्ये हेच खोकं होतं. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत तो वाजवत होता, आणि त्याच दिवशी पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाशी त्याची ओळख झाली. लेनन तेव्हा गिटारवर बँजोचे स्वरगुच्छ वाजवायचा, कारण आईनं त्याला तेवढेच शिकवले होते. मॅकार्टनीला गिटार नीट लावता येत होती. त्या वयात हीच मोठी पात्रता.

पुढे 'बीटल्स'मध्ये या दोघांच्या जोडीला आलेल्या जॉर्ज हॅरिसननं आपली 'फ्युचुरामा' गिटार लिव्हरपूलच्या हेसीच्या दुकानातून हप्त्यांवर उचलली. ती चेकोस्लोव्हाकियात बनलेली, दिसायला फेंडरसारखी, वाजवायला जिकिरीची. रोलिंग स्टोन्सचा पुढचा ड्रमर चार्ली वॉट्स यानं पोरवयात आपल्या बँजोचा दांडा काढून टाकला आणि उरलेल्या गोल चामड्यावर ब्रशनं वाजवायला सुरुवात केली. त्याच स्टोन्सचा बिल वायमन त्याच्याही पुढचा. १९६१ मध्ये त्यानं आठ पौंडांना एक जुना बास घेतला. पट्टीवरच्या धातूच्या पट्ट्या झिजलेल्या, म्हणून त्यानं त्या उपटून काढल्या. नव्या बसवायच्या राहून गेल्या, कारण बिनपट्ट्यांचाच बास त्याला आवडला. आज असे बास मुद्दाम बनवतात आणि महाग विकतात. स्टोन्सनी वायमनला घेतलं त्यात त्याच्याकडच्या मोठ्या ॲम्पचा वाटा किती आणि वादनाचा किती, यावर अजून विनोद चालतात.

वेळेचंही थोडं या पोरांच्या पथ्यावर पडलं. ब्रिटनमधली सक्तीची लष्करी भरती १९६० च्या अखेरीस थांबली. लेनन आणि बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार, दोघंही १९४० चे, थोडक्यात सुटले. एखाद-दोन वर्षं आधी जन्मले असते तर ऐन उमेदीची दोन वर्षं कवायतीत गेली असती.

आता लंडनच्या होलोवे रोडवर जाऊ, घर क्रमांक ३०४. खाली चामड्याच्या वस्तूंचं दुकान, वर तीन मजल्यांवर जो मीकचा संसार आणि स्टुडिओ एकत्रच. मीक एकलकोंडा, तिरसट आणि वाद्य न येणारा. पण आवाजाचं असं वेड त्या काळच्या ब्रिटनमध्ये दुसऱ्या कुणाला नसावं. १९६२ मध्ये याच घरातून 'द टॉर्नेडोज'चं 'टेलस्टार' निघालं आणि अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं. कुठल्याही ब्रिटिश बँडच्या वाट्याला हे तोवर आलं नव्हतं. बीटल्सच्या वर्षभराहून अधिक आधी! १९६४ मध्ये 'द हनीकोम्ब्ज'चं गाणं करताना मीकला पायांचा दणदणीत ठेका हवा होता. त्यानं सगळ्या बँडला लाकडी जिन्यावर उभं करून पाय आपटायला लावले आणि कठड्याला सायकलच्या क्लिपांनी पाच माइक बांधले. ड्रमवर हनी लँट्री, पेशानं केशभूषाकार. त्या काळी ड्रमवर बसणारी बाई ही बातमीच होती. 'हॅव आय द राइट?' ऑगस्टअखेरीस पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याला तिथून खाली खेचलं ते कुणी, तर किंक्सच्या फाटक्या स्पीकरनं. ब्रिटनचं सगळ्यांत लोकप्रिय गाणं आधी जिन्यात बनलं, नंतर दाढीच्या पात्यानं!

मीकची गोष्ट मात्र वाईट संपली. 'टेलस्टार'ची चाल चोरल्याचा दावा फ्रान्समध्ये उभा राहिला आणि तिचे पैसे अडकले. कर्ज आणि मनाचा ढळता तोल यांत तो खचत गेला. ३ फेब्रुवारी १९६७ ला त्यानं घरमालकिणीला गोळी घातली आणि मग स्वतःला. दाव्याचा निकाल नंतर लागला, त्याच्या बाजूनं.

आवाज फाडण्याचं हे घरगुती तंत्र पुढे कारखान्यात गेलं. पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या गृहस्थाचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडर ॲम्पसारखा आवाज हवा असायचा आणि किंमत परवडायची नाही. १९६२ च्या सुमारास मार्शलनं आपल्या तंत्रज्ञांकडून फेंडरची एक नक्कल बनवून घेतली, पण सामान मिळेल ते, म्हणजे बहुतांशी ब्रिटिश. सामान बदललं तसा आवाजही बदलला. बटण चढवलं की हा ॲम्प मूळच्यापेक्षा लवकर आणि जास्त गोड फाटायचा. मग 'द हू'चा पीट टाउनशेंड आला आणि अजून मोठा मागू लागला. शंभर वॉट, आठ स्पीकर एकाच पेटीत. ती पेटी उचलताना हमालांची कंबर मोडायची वेळ आली, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. रॉकच्या रंगमंचावर मागे दिसणारी ती काळ्या पेट्यांची भिंत अशी उभी राहिली.

टाउनशेंडची कीर्ती मात्र झाली ती गिटार फोडण्यामुळे, आणि सुरुवात तिचीही अपघातानं. १९६४ मध्ये रेल्वे हॉटेल नावाच्या पबमध्ये छत ठेंगणं होतं. हातवारे करताना गिटारचं डोकं छतात घुसून मोडलं. श्रोते फिदीफिदी हसले. हा चिडला आणि उरलेली गिटारही आपटून फोडली. पुढच्या खेपेला लोक तेच बघायला आले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात गुस्टाव्ह मेत्झगर या कलावंताकडून 'स्वतःला नष्ट करणाऱ्या कले'ची व्याख्यानं त्यानं ऐकली होतीच, त्यामुळे या आदळआपटीला तत्त्वज्ञानाचा मुलामा चढवणं त्याला जड गेलं नाही. गिटारांची बिलं मात्र खरी होती.

या सगळ्यात मुंबई येते ती दोनदा.

पहिल्यांदा जानेवारी १९६५ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेले किंक्स वाटेत मुंबईला थांबले. पहाटे रे डेव्हिस समुद्रावर गेला तेव्हा मासेमार जाळी घेऊन कामाला चालले होते, आणि चालता चालता एका लयीत काहीतरी म्हणत होते. मुंबईचे मासेमार, म्हणजे बहुधा कोळीच. ते काय म्हणत होते हे रेला कळायचा प्रश्नच नव्हता. पण तो गुणगुणता, एकाच सुराभोवती फिरणारा आवाज त्याच्या डोक्यात बसला. त्यातून त्याच वर्षी जुलैच्या शेवटी 'सी माय फ्रेंड्स' आलं. त्यात सतार नाही, तबला नाही. गिटारची तार तानपुऱ्यासारखा षड्ज धरून ठेवते आणि गाणं त्याच्यावर तरंगत राहतं. बीटल्सचं सतारीचं 'नॉर्वेजियन वुड' यायला अजून चार महिने होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत लंडनमध्ये सतारीचा असा काही सुळसुळाट झाला की बघायला नको. त्यातली बरीचशी गाणी आज ऐकताना दिवाणखान्यात ठेवलेल्या शोभेच्या नटराजासारखी वाटतात. भारतीय वाद्य एकही नसलेलं रेचं गाणं त्या सगळ्यांपेक्षा आपल्या अधिक जवळचं आहे.

हॅरिसन मात्र शोभेवर थांबला नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या भारतीय वस्तूंच्या दुकानातून त्यानं एक स्वस्त सतार घेतली होती. एप्रिल १९६६ मध्ये त्याच्या 'लव्ह यू टू'साठी तबला हवा होता. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलच्या अंगडींनी अनिल भागवत या तबलजींना फोन केला, संध्याकाळी मोकळे आहात का म्हणून. कुणासाठी वाजवायचंय हे काही सांगितलं नाही. दाराशी रोल्स-रॉइस आली तेव्हा कुठे भागवतांना अंदाज आला. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट.

दुसरी मुंबई जानेवारी १९६८ ची. 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला हॅरिसन इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. बासरीवर एस. आर. केंकरे, संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, असा जामानिमा. पण स्टुडिओच्या भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. खालच्या रस्त्यावरची वाहनं आत ऐकू यायची आणि संध्याकाळी साडेपाचला खालची कार्यालयं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या बाबू लोकांच्या पावलांमुळे ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं. लंडनमध्ये जो मीकनं जिन्यावरच्या पावलांसाठी पाच माइक लावले होते! त्या दिवसांत मुंबईला वाजवून घेतलेल्या एका तुकड्यावर हॅरिसननं नंतर लंडनला गायलं. ते 'दि इनर लाइट'. मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते आलं, आणि हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिलीच वेळ.

पैसा आणि सामग्री आल्यावर सगळे सुधारले का? काही जण मुळीच नाहीत. १९६८ मध्ये स्टोन्सना हवा तो स्टुडिओ मिळत होता. तरी 'स्ट्रीट फायटिंग मॅन'साठी कीथ रिचर्ड्सनं साधी गिटार एका छोट्या फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरवर इतक्या जवळून वाजवली की बिचारं यंत्र गुदमरलं, आणि तोच गुदमरलेला आवाज मोठ्या टेपवर उतरवून घेतला. चार्ली वॉट्सही त्या गाण्यात पेटीत मावणाऱ्या जुन्या, खेळण्यातल्या वाटाव्या अशा ड्रमवर वाजवतो. गाणं ऐकून हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

सगळ्यांत अवघड जुगाड मात्र बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या एका मुलाला करावा लागला. टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस, कारण बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. त्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. कारखान्याच्या व्यवस्थापकानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर गिटार वाजवणारा तो महान जॅझ वादक. आयोमी घरी गेला, भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या केल्या आणि तापलेल्या सळईनं कोरून बोटांवर बसतील अशी टोपणं बनवली. घासून घासून आकार दिला. ती तारेवरून घसरायची, म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं कापून वरून चिकटवलं. तारा जाड असल्या की दाबताना दुखायचं. पातळ तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, मग बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या आणि सूर आणखी खाली, जड, काळोखा झाला.

१६ ऑक्टोबर १९६९ ला त्याच्या बँडनं आपली पहिली रेकॉर्ड जवळपास एका दिवसात वाजवून संपवली. बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. ज्याला जग हेवी मेटल म्हणतं त्याची सुरुवात बहुतेक जाणकार या रेकॉर्डपासून मोजतात.

या बँडचा शेवटचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ ला झाला. ठिकाण ॲस्टनमधलंच, व्हिला पार्क हे फुटबॉलचं मैदान, चौघं जिथे वाढले त्या गल्ल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. आयोमी सत्त्याहत्तर वर्षांचा, उभा राहून वाजवत होता, आणि त्याच्या त्या दोन बोटांवर टोपणं होती.